लाल टिकलीखालचं बटण

काशीनाथराव पेडगावकरांनी अंघोळ, पूजा आणि अर्धा कप चहा उरकून संगणक सुरू केला आणि एवढ्या जोरात "अरे!" म्हणून ओरडले की स्वयंपाकघरात लीलाबाईंच्या हातातलं उलथनं तव्यावर पडलं.

"काय झालं हो?"

"कुणी हात लावला होता याला? सगळं इकडचं तिकडं करून ठेवलंय!"

कुणीही हात लावलेला नव्हता. ब्राउझरनं आपल्या मनानंच आपल्याला नवं करून घेतलं होतं. वर आडवी असणारी उघड्या पानांची रांग आता डाव्या बाजूला एका जाडजूड पट्टीत उभी होती, उशिरा आलेली पोरं वर्गाबाहेर भिंतीला पाठ लावून उभी राहतात तशी. मागे जायचा बाण आपली जागा सोडून भलतीकडेच जाऊन बसला होता. आवडत्या पानांची चांदणी तर बेपत्ताच होती. सगळ्या चौकोनांचे कोपरे घासून गोल केले होते. का, ते करणाऱ्यालाच ठाऊक. आणि मधोमध एक निळी पाटी झळकत होती, 'तुमचा ब्राउझर आता अधिक सोपा, अधिक सुंदर!' तिच्याखाली बटण एकच होतं. त्यावर लिहिलं होतं, 'छान!'

छान वाटलं नाही तर काय दाबायचं, याची सोय कुणी केलेली नव्हती. काशीनाथरावांनी जरा वेळ वाट पाहिली. पाटी काही हलेना. शेवटी दातओठ खात त्यांनी 'छान!' दाबलं.

"चांगलं चाललेलं असलं की या लोकांना बघवत नाही," ते समोरच्या भिंतीला म्हणाले. "उद्या येतील आन् आपली शेगडी न्हाणीत नेऊन ठेवतील. वरून म्हणतील, अधिक सुंदर!"

त्यांचा राग काही उगीच नव्हता. ताडकळसच्या हायस्कुलात त्यांनी उभा जन्म कारकुनी केली. गाव त्यांना अजून भाऊसाहेबच म्हणतं. टंकयंत्रावर बसले की नजर खिडकीतून बाजाराकडे आणि बोटं आपापल्या कळांवर, असा त्यांचा खाक्या. अक्षरं शोधत बसतो तो शिकाऊ, बोटाला जागा ठाऊक पाहिजे, असं ते प्रत्येक नव्या मास्तराला ऐकवायचे आणि मास्तर मान डोलवायचे, कारण पगारपत्रक भाऊसाहेबांच्या हातात असायचं. निवृत्तीनंतर लेकीनं संगणक आणून दिला. यात कळा तर होत्याच, पण दाबायच्या बहुतेक जागा पडद्यावरच, आणि त्यावरची अक्षरं मुंगीएवढी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना ती दिसता दिसत नव्हती. चष्मा लावून एकेक शब्द वाचत बसणं भाऊसाहेबांना शोभणारं नव्हतं.

त्यावर त्यांनी आपला तोडगा काढला होता. लीलाबाईंच्या टिकल्यांचं पाकीट उचललं आणि पडद्याच्या काचेवर, जिथं जिथं दाबायचं तिथं तिथं एकेक टिकली चिकटवून टाकली. मरून टिकली म्हणजे मागे. हिरवी म्हणजे आवडती पानं. पिवळी चंद्रकोर म्हणजे पंचांग. माउसचा बाण टिकलीच्या आड गेला की दाबायचं. खाली काय लिहिलंय त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?

शेजारच्या बायनाबाई रोज सकाळी दूध घेऊन मागच्या दारानं यायच्या. त्यांनी पहिल्यांदा तो पडदा पाहिला तेव्हा पदर तोंडाला लावला होता. "अगं माय! वयनी, भाऊसायबाच्या संगणकाला गोवर निगाला का काय!"

"हसा तुमी," काशीनाथराव म्हणाले होते. "माझं काम बिनबोभाट चालतंय का नाही, ते बघा."

आणि खरोखरच चालत होतं. आज मात्र त्या गोवराचं पार मातेरं झालं होतं. मरून टिकली दाबली तर समोरचं पानच बंद पडलं. हिरवी दाबली तर ब्राउझरनं विचारलं, 'पडदा अंधारा करायचा का?' चंद्रकोरीखाली तर काहीच नव्हतं. नुसती पांढरी जागा.

काशीनाथरावांनी फोन उचलला आणि योगिनीला लावला.

योगिनी त्यांची एकुलती एक लेक. पूर्णेला एका शाळेत विज्ञान शिकवायची. सकाळच्या बसनं जायची, संध्याकाळच्या बसनं परत यायची.

"बाबा, आता तास आहे माझा."

"एकच सांग. मागं जायचा बाण कुठं गेला?"

"असंल की तिथंच कुठंतरी. वाचा ना काय लिहिलंय ते."

"वाचायला मी काय पहिलीत आहे?"

योगिनी हसली. "बरं, चिडू नका. ती डावीकडची पट्टी नको असंल तर मिटवता येती. संध्याकाळी आले की जुन्यासारखं करून देते."

हे ऐकलं आणि इतका वेळ तापलेले काशीनाथराव एकदम लोण्यासारखे मऊ झाले. "नको, नको. तू दमून येतीस. कशाला बसतीस याच्यापुढं? मी माझं बघतो."

योगिनीनं या संगणकापुढे बसू नये, असं त्यांना फार मनापासून वाटत होतं. त्याला कारण होतं. ते कारण रुपयाएवढं होतं, लालभडक होतं, आणि पडद्याच्या खालच्या अंगाला उजवीकडे चिकटवलेलं होतं.

झालं होतं असं, की योगिनीसाठी स्थळं बघायचं काम काशीनाथरावांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. वधुवर मंडळाच्या संकेतस्थळावर तिचं नाव त्यांनीच घातलं आणि रोज सकाळी नेमानं तिथं बसू लागले. एका वेळी एक स्थळ समोर यायचं. वर मुलाचा आणि घरच्यांचा फोटो, खाली माहिती, आणि सगळ्यात खाली शेजारी शेजारी दोन बटणं. दोन्ही एकाच मापाची, एकाच राखाडी रंगाची. डावीकडे 'पसंती कळवा', उजवीकडे 'नको, पुढचे स्थळ'. काहीही दाबलं तरी पुढचं स्थळ आपोआप हजर व्हायचं. काशीनाथराव हे काम इतक्या निष्ठेनं करत होते की आजवर त्यांच्या हातून एकही स्थळ सुटलं नव्हतं. सगळी त्यांनी उडवून लावली होती. लाल टिकली उजव्या बटणावर होती.

कारणं त्यांच्याकडे मुबलक असत. हा पुण्याचा, तिथं घरात पाणी टँकरचं. याच्या आईचं नाक फोटोतच एवढं, तर समोरासमोर केवढं असेल? हा म्हणतो मला प्रवासाची आवड आहे. म्हणजे घरात टिकणार नाही. एक नांदेडचा होता, शिकलेला, दिसायला नीटस, वर छत्तीसच्या छत्तीस गुण जुळत होते. काशीनाथरावांनी त्याच्याकडे बराच वेळ संशयानं पाहिलं. इतकं जुळलेलं बरं नसतं, असं ठरवून त्यालाही टिकलीआड घातला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ते सांगायचे, "आजच्यात काही राम नाही."

"तुमाला कशात राम दिसलाय कधी?" लीलाबाई कणीक मळता मळता म्हणायच्या. त्यांनाही घोर होता, पण संगणकातलं आपल्याला काही कळत नाही, असं म्हणून त्या गप्प बसायच्या.

योगिनी आधी आधी विचारायची, "आज काही?" मग तिनं विचारणं सोडून दिलं. एकदा भाजी निवडताना आईला म्हणाली, "आपल्याला कुणी विचारीनाच, असं दिसायलंय," आणि हसली. काशीनाथराव बाहेरच्या खोलीत होते. त्यांना ते ऐकू आलं, हसूही ऐकू आलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माउसचा बाण पुन्हा लाल टिकलीच्या आड गेला.

खरं कारण नाक नव्हतं, टँकर तर नव्हताच. संध्याकाळच्या बसला काशीनाथराव स्टँडवर जायचे. योगिनी उतरली की तिची पिशवी घ्यायचे आणि घरी येईपर्यंत ती त्यांना दिवसभराचं सांगायची. कोणत्या पोरानं प्रयोगशाळेतला बेडूक दप्तरात घातला, कोणत्या बाईनं कुणाशी अबोला धरला, सगळं. तेवढ्या वाटेसाठी ते दिवस काढायचे. ती गेली तर त्या बसमधून गावातले बाकी सगळे उतरतील आणि आपण मोकळ्या हातानं परत येऊ, हा विचार आला की ते घाईनं पुढचं स्थळ उडवायचे. हे त्यांनी लीलाबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

तर आता टिकल्यांचा नवा डाव मांडणं भाग होतं. काशीनाथरावांनी सकाळ त्यातच घालवली. मागचा बाण हुडकून काढला, त्यावर मरून टिकली आणली. हिरवीला नवी जागा दिली. चंद्रकोर दोनदा उचलून दोनदा लावली, ती कुरकुरत शेवटी एका जागी बसली. दोन टिकल्यांचा डिंक गेला म्हणून पाकिटातल्या उरलेल्या सगळ्या वापराव्या लागल्या. लाल टिकलीला मात्र त्यांनी हात लावला नाही. बदलला तो ब्राउझर. मंडळाचं पान मंडळाचं. चौकट बदलली म्हणून फोटोतला माणूस थोडाच सरकतो?

तो सरकला होता. डावीकडच्या त्या जाड पट्टीनं अख्खं पान उजवीकडे रेटलं होतं, असं तीनेक बोटं. 'नको' टिकलीच्या आडून निघून पलीकडे गेलं होतं. आणि लाल टिकलीच्या बरोबर खाली, जसं काही तिथंच जन्मलं असावं तसं, 'पसंती कळवा' येऊन बसलं होतं.

काशीनाथराव दाबत राहिले. पहिल्या दिवशी एक परळीचा गेला, एक सेलूचा गेला, एक छत्रपती संभाजीनगरचा, तबला वाजवणारा. प्रत्येक वेळी पडद्याच्या कोपऱ्यात एक चिठोरी उगवायची, 'तुमची पसंती कळवली आहे.' पण ब्राउझर नवा झाल्यापासून त्या कोपऱ्यात काय काय उगवत होतं! 'नवी पट्टी आवडली का?' 'रंग बदलून पाहा!' 'तुम्हाला माहीत आहे का?' काशीनाथरावांनी त्या कोपऱ्याकडे बघणंच सोडून दिलं होतं, आणि त्यांना कोण दोष देईल?

मग चुडाव्याचं स्थळ आलं. शंतनु दत्तराव पाठक. नोकरी रेल्वेत, पूर्णेला.

काशीनाथराव थबकले. पूर्णेला! योगिनीची शाळाही पूर्णेलाच. त्यांनी फोटो पाहिला; पोरगा हसरा होता. आईचं नाक पाहिलं, ठीक होतं. घर, शिक्षण, गुण, सगळं सगळं नीट. काही म्हणजे काही खोट सापडेना. अखेर मिशी सापडली. "आजकाल कोण मिशी ठेवतं?" असं म्हणत काशीनाथरावांनी आपल्या झुपकेदार मिशीवरून हात फिरवला आणि लाल टिकली दाबली. पण जिवाला चैन पडेना. हे स्थळ धोक्याचं होतं. गेलं का नक्की? त्यांनी मरून टिकली दाबून मागं जाऊन पाहिलं, तर पोरगा अजून तिथंच हसत होता. काशीनाथरावांनी पुन्हा एकदा दाबली. या खेपेला जरा जोरात.

फोन दुसऱ्या दिवसापासून सुरू झाले.

"पेडगावकर का? नमस्कार, मी सेलूहून बोलायलोय. तुमची पसंती मिळाली, बरं वाटलं."

"कसली पसंती?"

"तुमच्या मुलीची हो. आमच्या मुलाला."

"राँग नंबर," काशीनाथराव म्हणाले आणि फोन ठेवला. मग त्यांना वाटलं, राँग नंबरवाल्यानं आपलं आडनाव कसं घेतलं?

पुढचा फोन एका बाईंचा होता. त्या इतक्या आनंदात होत्या की काशीनाथरावांना मधे तोंड घालायला जागाच मिळेना. मुलगा तबला वाजवतो, पण हळू वाजवतो, शेजाऱ्यांची काही तक्रार नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. काशीनाथरावांनी मुलगी परीक्षेच्या कामात आहे असं सांगून सुटका करून घेतली. नकार दिला की लोक रागावतात हे त्यांना ठाऊक होतं. नकार मिळाल्यावर आनंदानं फोन करणारी माणसं ते आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते.

"कुणाचे फोन यायलेत हो सारखे?" लीलाबाईंनी विचारलं.

"कंपनीचे. ब्राउझर बदलल्यापासून आपला नंबर फुटलाय. मी म्हणत होतो का नाही, या सुधारणा काही खऱ्या नाहीत?"

मंडळानं काहीतरी घोळ घातला असणार, असं त्यांनी मनाशी ठरवलं. त्यांची बोटं चुकू शकतात, ही गोष्ट त्यांच्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

बाजाराच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. योगिनी न्हाऊन केस वाळवत मागच्या दारात बायनाबाईंशी बोलत बसली होती. एवढ्यात दारापुढे मोटारसायकल थांबली. मागच्या सीटवरून एक गृहस्थ उतरले, हातात पिशवी, पिशवीतून कोथिंबीर डोकावत होती. पुढच्यानं हेल्मेट काढलं. आधी मिशी दिसली. मग तो हसला आणि काशीनाथरावांनी त्याला ओळखलं.

"रामराम, भाऊसाहेब! मी दत्तराव पाठक, चुडाव्याचा. हा आमचा शंतनु. बाजाराला आलोच होतो, म्हटलं डोकावून जावं."

घरात आलेल्या माणसाला बसा म्हणावंच लागतं. काशीनाथराव बसा म्हणाले. लीलाबाईंनी पाणी आणलं. दत्तरावांनी तांब्या-भांडं खाली ठेवलं आणि मोकळेपणानं बोलायला सुरुवात केली.

"खरं सांगू का, तुमची पसंती आली आन् आमाला लय आनंद झाला. आजकाल मुलीकडचे कुठं आपणहून कळवतेत? मुलांची स्थळं पडलीत ढीगभर. आन् तुमी कळवली. ते बी एकदा नाही, दोनदा!"

काशीनाथरावांच्या घशात पाणी अडकलं.

"दोनदा?" लीलाबाई दारातूनच म्हणाल्या.

"हाव की. लागोपाठ." दत्तरावांनी फोन काढून दाखवला. "म्हटलं, माणूस मनापासून विचारायलाय. आता फोनबिन नको, जाऊनच येऊ. नाहीतर वाटंल आमीच भाव खायलोत."

लीलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढ्या कौतुकानं त्यांनी काशीनाथरावांकडे क्वचितच पाहिलं असेल. डोळ्यांना पदर लावत त्या लगबगीनं आत गेल्या. काशीनाथराव ठसका लागल्याचं निमित्त करून उठले आणि मधल्या खोलीत संगणकापुढे जाऊन बसले. ज्या टिकलीनं उभ्या महाराष्ट्रातली पोरं परतवून लावली तिनं आज दगा कसा दिला, हे त्यांना कळेना.

आत लीलाबाईंची धांदल उडाली होती. "योगिनी, पाहुणे आलेत. तुला बघायला आलेत. साडी राहू दे, आहे तो ड्रेस चांगलाय. टिकली लाव तेवढी, मोकळ्या कपाळानं नको जाऊ." मग पाकीट उघडल्याचा आवाज आला. "अगं बाई, पाकीट रिकामं कसं?"

"रिकामं न्हाई तर काय," मागच्या दारातून बायनाबाई म्हणाल्या. "समद्या टिकल्या त्या संगणकाच्या तोंडावर हायत की!"

योगिनी मधल्या खोलीत आली. तिचा चेहरा गोंधळलेला होता, आणि त्या गोंधळात कुठंतरी बारीकसं हसूही होतं. काशीनाथरावांना ते हसू दिसलं.

"बाबा, तुमी पसंती कळवलीत? मला बोलला पण नाहीत." ती पडद्याकडे वाकली. "ही लाल घेते."

"ती नको!" काशीनाथराव दचकून म्हणाले. "दुसरी घे. चंद्रकोर घे."

"चंद्रकोर? सकाळी सकाळी? ही बरी आहे की."

"ती कामाची आहे."

"कसल्या कामाची?"

पडद्यावर मंडळाचं पान उघडं होतं, परभणीचा कुणीतरी चष्मेवाला त्यांच्याकडे बघत होता. योगिनीनं माउस आपल्याकडे ओढला. "आन् ही पट्टी अजून तशीच? सांगितलं होतं ना, मिटवता येती." तिनं डाव्या पट्टीच्या टोकाशी एकदा दाबलं.

पट्टी मिटली. अख्खं पान सर्रकन डावीकडे आलं. टिकलीच्या आडून 'पसंती कळवा' बाहेर पडलं आणि उघड्यावर येऊन उभं राहिलं. 'नको, पुढचे' टिकलीच्या खाली गेलं. कडेला उरलं फक्त 'स्थळ'.

योगिनी मास्तरीण होती. परीक्षेत कोणत्या पोरानं चिठ्ठी कुठं लपवलीय, हे तिला त्याच्या बसण्यावरून कळायचं. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे. एकेका टिकलीवरून तिची नजर फिरली, मरून, हिरवी, पिवळी.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "पसंतीवर टिकली कुठंय?"

"ते आता ब्राउझर बदलला ना, त्याच्यामुळं—"

"त्याच्या आधी. आधी तरी होती का?"

बाहेर दत्तराव शंतनुला काहीतरी सांगत होते. स्वयंपाकघरात फोडणी तडतडली. काशीनाथरावांना वाटलं होतं की असा प्रसंग आलाच तर आपण नाकाचं सांगू, टँकरचं सांगू. त्यातलं काहीच जिभेवर आलं नाही.

"नाही," ते म्हणाले. "कधीच लावली नाही."

योगिनी स्टुलावर बसली. "आन् मला वाटायचं, आपल्याला कुणी विचारतच नाही. माझ्यातच काहीतरी कमी असंल."

"कमी?" काशीनाथरावांचा आवाज चिरकला. "अगं, रोज स्थळं येतेत. एकाहून एक येतेत. मोजायला बसलो असतो तर बोटं पुरली नसती. मीच एकेकाला... आन् ह्या बाहेरच्याला तर मिशीपायी." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "संध्याकाळच्या बसला मी येतो ना स्टँडवर. ती बस आल्यावर मी काय करावं, सांग. मला करमायचं नाही गं."

हे इतकं सरळ त्यांच्या तोंडून निघालं की त्यांचे तेच चपापले. योगिनीला राग आला होता, चांगलाच आला होता. तिच्या नाकाच्या शेंड्यावरून ते दिसत होतं. पण समोर बाबा बसले होते, झुपकेदार मिशी, ओले डोळे, आणि पाठीमागे टिकल्यांनी माखलेला पडदा. तिला रडू आणि हसू एकाच वेळी फुटलं आणि कुणाला आधी वाट द्यावी हे तिला कळेना.

"हे बघा, बाबा," शेवटी ती नाक पुसत म्हणाली. "मिशी मलाही आवडंल का नाही, सांगता येत नाही. पण नको म्हणायचं असंल तर मी म्हणीन. समोर बसून, माझ्या तोंडानं. हो म्हणायचं असंल तरी मीच म्हणीन. तुमच्या टिकलीचं काम संपलं आता."

काशीनाथरावांनी मान हलवली. मग ते पडद्याकडे वळले आणि नखानं लाल टिकलीची कड उचलू लागले. घट्ट बसली होती. लावताना त्यांनी कसर ठेवली नव्हती. एकदा निसटली, दुसऱ्यांदा निम्मी आली, मग अख्खी सुटून त्यांच्या बोटावर चिकटली. त्यांनी ते बोट लेकीपुढे धरलं.

योगिनीनं तिथंच पडद्याच्या काचेत बघून टिकली कपाळावर लावली. डिंक जरा वाळला होता. तिनं अंगठ्यानं दाबून धरली आणि ती बसली.

"नीट आहे का?"

"मधोमध आहे," काशीनाथराव म्हणाले. जागेच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा असायचा.

लीलाबाईंनी पोह्याच्या बशा तिच्या हाती दिल्या. ती बाहेर गेली. काशीनाथरावांनीही जायला हवं होतं, पण ते उठले नाहीत. ते ऐकत बसले. आधी नुसताच बशांचा आवाज झाला. मग योगिनीचा आवाज आला, वर्गात येतो तसा, खणखणीत.

"आमच्याकडून दोनदा पसंती आली म्हणे. तुमच्याकडून किती वेळा?"

"आमी?" शंतनु म्हणाला. "आमी तर निघूनच आलो की!"

दत्तराव मोठ्यानं हसले. मागच्या दारात बायनाबाई हसल्या. योगिनीही हसली, आणि ते हसणं भाजी निवडतानाचं नव्हतं. काशीनाथरावांना ते लागलं, आणि बरंही वाटलं.

काचेवर टिकलीच्या जागी डिंकाचं फिकट कडं उरलं होतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर नीट बसवला, पडद्याजवळ वाकले, आणि दोन्ही बटणांवरची मुंगीएवढी अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी एकेक करून वाचली. परभणीचा चष्मेवाला अजून वाट बघत होता. काशीनाथरावांनी त्याला तसाच ठेवला.

एवढ्यात फोन वाजला. सेलूचे तेच गृहस्थ होते.

"पेडगावकरच ना? परवा बोललो होतो बघा. ते राँग नंबर म्हणालात, पण मंडळात विचारलं, नंबर बरोबर आहे. तुमची पसंती आली होती, म्हणून म्हटलं—"

काशीनाथरावांनी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. दारातून लेकीची पाठ दिसत होती, ओले केस, आणि तिच्यापुढे रिकामी झालेली बशी.

"आली होती खरी," ते म्हणाले. "पण ती मी दाबली होती. मुलीला विचारायचं अजून राहिलंय."